वांगी भाजेपर्यंत

आवडता पदार्थ कोणता म्हणून कुणी विचारलं की माझ्या तोंडून भरीत असंच येतं. जळगावच्या बाईनं दुसरं काय सांगायचं! पण हे उत्तर अर्धंच आहे. आयतं ताटात आलेलं भरीत मी खाते, आवडीनं खाते, पण त्यासाठी जीव टाकत नाही. माझा जीव आहे तो वांगी विस्तवावर पडल्यापासून पानं मांडेपर्यंतच्या दोन-अडीच तासांवर. तेवढा वेळ मैत्रिणी सोबत असल्या, हाताला थोडं काम असलं आणि घरी परतायची घाई नसली, की मला आणखी काही लागत नाही.

रोजच्या खाण्यातल्या माझ्या आवडी फार साध्या आहेत. सकाळी शाळेच्या ऑफिसात जायच्या आधी मला भाकरी लागते, आणि तीही कालची. आमच्याकडे ज्वारीबरोबर उडीद दळून आणतात, त्या पिठाला कळणा म्हणतात. आमच्या घरचं माप म्हणजे चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, आणि दळायला देतानाच त्यात मीठ. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी करड्या रंगाची होते आणि रात्रभर फडक्यात राहिली तरी खाता येते. सकाळी ती कुस्करायची, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, तिखट, बारीक चिरलेला कांदा. घरातल्या बाकीच्यांना पोहे लागतात. मी त्यांचे पोहे करते आणि ओट्यापाशीच उभी राहून माझा वाडगा संपवते. ही दहा मिनिटं माझी असतात. तेव्हा कुणी काही मागितलं तर मी सरळ सांगते, थांब, माझं खाणं होऊ दे.

रात्री घोटलेली उडदाची डाळ, नाहीतर खुडमिरची, आठवड्यातून एखाद्या वेळी फुणके आणि कढी. फुणके मला विशेष आवडतात. भिजवलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, त्यावर गरम कढी आणि चमचाभर कच्चं तेल. पाहुण्यांसाठी कुणी ते करत नाही, पाहुण्यांना शेवभाजी लागते. फुणके घरच्या माणसांचे.

हॉटेलात जाणं मात्र मला आवडत नाही. जेवण चांगलं असतं, तक्रार तिथल्या बसण्याबद्दल आहे. मेन्यूकार्ड हातात आलं की प्रत्येकीनं ते वाचायचं, मग एकमत करायचं, मग ताटं येईपर्यंत मोबाइल काढायचे. खाणं येतं तेव्हा गप्पा तुटतात आणि गप्पा पुन्हा जुळायला लागतात तेव्हा बडीशेप आणि बिल येतं. बाहेर नंबर लावून माणसं उभी असतात, त्यांच्यासमोर बसून राहायला जीव धजत नाही. हायवेच्या ढाब्यावरची झणझणीत शेवभाजी मला आवडते, घाम पुसत पुसत मी ती खाते, पण तिच्यासोबत मनातलं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

त्यापेक्षा संध्याकाळचं मेहरूण तलावाकडे फिरणं बरं. आम्हा सहा मैत्रिणींपैकी तिघी त्याच भागात राहतो. जानेवारीत फिरताना कुणीतरी मेहरूणची बोरं घेतं. पूर्वी या बाजूला बोरीची झाडं खूप होती, आता त्या जागांवर घरं झाली. पण बोरं अजून मिळतात. मूठभर बोरं ओढणीच्या पदरात घेऊन चालायचं आणि बी थुंकत थुंकत दिवसभराचं बोलायचं. खाणं आणि बोलणं एकमेकांच्या आड येत नाही अशी ही गोष्ट आहे, म्हणून ती मला आवडते. भरिताचंही तसंच, फक्त ते फार मोठं.

भरिताची पार्टी मी लहानपणापासून बघत आले. आमच्या आजीच्या घरी चातुर्मास कडक होता. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगं पोटभर खाऊन घ्यायचं, मग ते बंद व्हायचं. पावसाळ्यातलं वांगं किडकं असतं, असं ती सांगायची. मग थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच घरच्यांच्या पानात वांगं पडायचं. या दिवसाला लोक वांगेसट म्हणतात. नंतरचे दोन-तीन महिने मात्र गावात दुसरी गोष्ट नसायची. आज या शेतात भरीत, उद्या त्या शेतात. मुलगी बघायला आलेल्यांना भरीत, मुंबईहून आलेल्या जावयाला भरीत, निवडणुकीच्या दिवसांत तर रोजच.

या पार्ट्यांत पुरुष वांगी भाजायचे. ते काम बघण्यासारखं असतं. पेटत्या काट्यांभोवती उभं राहायचं, लांब काठीनं वांगी उलटायची, हसायचं, मोठ्यानं बोलायचं. बायका खोपीच्या मागे चुलीपाशी. मला माझी काकू आठवते. दोन चुली, दोन तवे, आणि पीठ संपेना. एकदा तिच्या मागे बसून मी भाकरी मोजल्या, त्रेपन्नपर्यंत मोजल्या आणि झोपून गेले. जाग आली तेव्हा माणसं हात धुऊन विहिरीपाशी सुपारी कातरत होती आणि काकू परातीला चिकटलेलं पीठ खरवडत होती. तिनं भरीत खाल्लं ते शेवटी, गार झालेलं, भरीत ठेचायच्या लाकडी बडगीच्या कडेचं. त्याचं तिला काही वाटलं असं ती कधी म्हणाली नाही. मला वाटतं. आज वाटतं.

आमची सहा जणींची पार्टी सुरू झाली ती २०१६ साली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला त्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं, आणि आमच्यातल्या शिक्षिका मैत्रिणीनं मधल्या सुट्टीत पेपरमधली ती बातमी फोनवर वाचून दाखवली. बोलता बोलता लक्षात आलं की सहाही जणींनी जन्मभर भरीत खाल्लंय, शेकड्यांनी भाकऱ्या थापल्यात, पण एकीनंही शेतात वांगं भाजलेलं नाही. कॉलेजात एका बाकावर बसलेल्या आम्ही. एक आता शिक्षिका, एक शिवणकाम करते, एकीचं औषधाचं दुकान, एक पुण्याला, मी शाळेच्या ऑफिसात, आणि एकीचं सासर आसोद्याच्या पुढे शेतावरच. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. तिच्याकडची माणसं आधी म्हणाली, पोरं देतो मदतीला, वांगी भाजून देतील. ती म्हणाली, पोरं नको, काड्या तेवढ्या द्या.

तेव्हापासून दर वर्षी चंपाषष्ठीनंतरचा पहिला रविवार आमचा. पुण्याची मैत्रीण रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसते आणि सकाळी जळगावला उतरते. तिला स्टेशनवरून घेऊन आम्ही आधी बाजारात जातो.

वांगी निवडायचं काम माझं. यात मी कुणाचं ऐकत नाही. भरिताचं वांगं हिरवं असतं, जांभळं नाही. फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, आणि हातात घेतलं तर तळहात भरून बाहेर येईल एवढं मोठं. बामणोदच्या वांग्यांचं नाव सगळीकडे आहे, आसोदा-भादलीकडची वांगीही चांगली येतात. गावाचं नाव ऐकून मी घेत नाही, हातात तोलून घेते. सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत धरायची आणि हलकं लागेल ते घ्यायचं. जड वांग्यात बी भरलेलं असतं. देठ हिरवागार हवा, त्याच्यावरचे काटे बोटाला टोचले पाहिजेत. साल तुकतुकीत हवी आणि अंगठ्यानं दाबलं तर थोडं दबून परत वर यायला हवं. पाच किलो वांगी घेतो. भाजून सोलून झाल्यावर ती निम्म्याच्या थोडी वरच उरतात. मग पाव किलो हिरव्या मिरच्या, लसणाचे गड्डे, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. टोमॅटो नाही, हळद नाही, गरम मसाला तर नाहीच. जळगावच्या भरितात टोमॅटो टाकलेला मी बाहेरगावी पाहिला आहे. त्यांना तसंच आवडत असेल, त्यांनी खावं. माझ्या भरितात मी येऊ देणार नाही. भरीत हिरवं-पांढरं दिसलं पाहिजे आणि त्याला वास यायला पाहिजे तो फक्त धुराचा, लसणाचा आणि मिरचीचा.

शेतावर पोचेपर्यंत दहा वाजतात. डिसेंबरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, त्या गावातलं हे ऊन आहे यावर विश्वास बसत नाही. कपाशी अजून उभी असते, शेवटची वेचणी चालू असते, म्हणून जाळायला गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. बांधाच्या कडेला त्यांचा ढीग रचून ठेवलेला असतो. वर्षभर उन्हात वाळलेल्या त्या काड्या काडी लावताच भडकतात. लाकडाच्या विस्तवावर वांगं वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं, असं आमची शेतवाली सांगते. पऱ्हाटीचा जाळ मोठा आणि उडता असतो, वांग्याला सगळीकडून लागतो. त्याची राख मऊ पडते आणि त्या राखेच्या उबेत वांगं आतपर्यंत शिजतं. तुरीच्या काड्या असल्या तर त्याही मी घालते. त्यांचा धूर मला अधिक आवडतो.

जाळावर टाकायच्या आधी प्रत्येक वांग्याला दोन-तीन ठिकाणी सुरीचं टोक मारायचं. पहिल्या वर्षी हे राहिलं आणि दोन वांगी फट्कन फुटली, गर उडून शिवणकामवालीच्या हातावर पडला. अजून तिच्या मनगटावर त्याचा डाग आहे. आता ती स्वतः सगळ्या वांग्यांना टोचे मारते, दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

मग खरा वेळ सुरू होतो. वांगी जाळात ठेवली की कुठलंच काम पूर्ण लक्ष मागत नाही आणि कुठलंही काम पूर्ण सोडता येत नाही. एक जण काठीनं वांगी फिरवते, एक काड्या पुरवते, एक लसूण सोलते, एक पात चिरते. हात चालू, तोंड मोकळं. भादली स्टेशनच्या बाजूनं मालगाड्या जातात, एवढ्या लांबलचक की गप्पा थांबवाव्या लागतात. गाडी गेली की थांबलेलं वाक्य पुढे चालू होतं, नाहीतर तेवढ्यात बोलणारीनं विचार बदललेला असतो आणि ती खरं काय ते सांगून टाकते.

वांगी पूर्ण भाजली की ती मऊ पडतात, देठापाशी रस सुटतो, साल काळी होऊन सुरकुतते. परातीत काढायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. शेजारी पाण्याचं पातेलं, ते फक्त बोटं बुडवायला. वांगं पाण्याखाली धरून सोललं तर धुराचा वास वाहून जातो. बोटं भिजवायची, देठापाशी साल चिमटीत पकडायची आणि खाली ओढायची. चांगल्या वांग्याची साल एका ओढीत लांब पट्टीसारखी निघते आणि आतून फिकट हिरवा, वाफाळणारा गर उघडा पडतो. चटका बसतो. बोट पाण्यात, पुन्हा सालीवर. काळे कण चिकटून राहतात, ते नखानं काढायचे, थोडे राहिले तर राहू द्यायचे, तेही हवेत. मग वांगं मधून फाडून बघायचं. बी पिकलेलं असेल तर तो भाग बाजूला, आणि कीड आहे का ते नीट बघायचं. हे काम घाईत होत नाही. पाच किलोंना पाऊण तास लागतो आणि तो पाऊण तास प्रत्येकीची नजर स्वतःच्या हातातल्या वांग्यावर असते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. म्हणून असेल कदाचित, पण आम्ही एकमेकींना जे जे सांगितलं ते बहुतेक या सोलण्याच्या वेळी सांगितलं. पुण्यातलीच्या मुलीनं लग्न करायचं नाही म्हटलं ते. दुकानवालीच्या सासूला माणसं ओळखू येईनाशी झाली ते. माझ्या नवऱ्याची नोकरी सुटली होती आणि मी चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं, तेही मी एका वांग्याची साल ओढता ओढता बोलून गेले. शिवणकामवालीनं मान वर न करता विचारलं, "मग आता घर कसं करू राहिली?" मी सांगितलं. तिनं दुसरं वांगं उचललं. पुढच्या आठवड्यात ती घरी आली आणि काही न बोलता ओट्यावर उडदाचं अर्धं पोतं ठेवून गेली.

पुढे बडगी. पलीकडच्या गावात तिला बडजी म्हणतात. लाकूड कोरून केलेलं होडीसारखं लांबट भांडं. तेलात परतलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ आधी ठेचायचं, मग त्यात वांगी. जोर लावून कुटायचं नाही, मुसळीनं दाबत, ओढत एकजीव करायचं. मिक्सरला हे जमत नाही, त्यात गराची खीर होते. बडगीतल्या भरिताला धागा राहतो, घास घेतला की तो जिभेला कळतो. मग लोखंडी कढईत तेल, चांगलं पाव किलोच्या वर. मोहरी, जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पात. वर भरीत ओतलं की तेल कडेनं वर येतं. कोथिंबीर. झालं.

एका वर्षी हे सगळं राहून गेलं. ऐन त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, शेतात गाडी नेता येईना, काड्या ओल्या. पुण्याच्या मैत्रिणीचं तिकीट काढलेलं. मग ठरलं की माझ्या घरी जमू आणि तयार भरीत आणू. हंगामात आमच्या शहरात जागोजागी भरीत सेंटर असतात, किलोवर भरीत मिळतं, ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पुण्या-मुंबईला डबे जातात. आम्ही आणलेलं भरीत चांगलं होतं. चवीत काही उणं नव्हतं. साडेबाराला जेवायला बसलो आणि सव्वाला उठलो. गच्चीवर गेलो, फोटो काढले, चहा झाला. चारला सगळ्या आपापल्या घरी.

फेब्रुवारीत कळलं की शिक्षिका मैत्रीण त्या दिवसांत छातीतल्या गाठीच्या तपासण्यांसाठी नाशिकला जाऊन येत होती. एकटी. घरच्यांना लग्नाचं कारण सांगून. गाठ साधी निघाली, हे आधीच सांगते. पण ते कळेपर्यंतचे तीन आठवडे तिनं एकटीनं काढले. मी तिच्यावर रागावले. आम्ही सहा जणी असताना तू बोलली कशी नाहीस म्हणून भांडलेच. ती म्हणाली, "अगं, त्या दिवशी सांगायचं ठरवूनच आले होते तुझ्याकडे. पण लगेच पानंच वाढली."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी यजमानीण होते. पानं मीच वाढली होती, गरम गरम, सगळ्यांना वेळेवर, आणि मनात समाधानही होतं की यंदा कुणाला त्रास पडला नाही.

तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. पाऊस असो, काही असो, वांगी आपण भाजायची. शेत नाही मिळालं तर गच्चीवर पत्र्याच्या घमेल्यात चार काड्या पेटवू. किलोभर वांगी भाजू. पण बसू. घरातले म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, तासाभरात घरपोच येतं की. येतं. कामाच्या दिवशी मीही मागवते. पण जिच्याकडून मला काही ऐकायचं आहे किंवा जिला मला काही सांगायचं आहे, तिला मी आयत्या ताटावर बोलावत नाही. तिला मी मटार सोलायला बोलावते, पापड लाटायला बोलावते, मेथी निवडायला बसवते. घरच्या सुनांनाही हेच सांगते, की मैत्रीण आली तर सगळं आवरून ठेवू नका, थोडं काम तिच्यासाठी शिल्लक ठेवा.

भाकरीचं सांगायचं राहिलं. आमच्या पार्टीत भाकऱ्या शेतवाली करते. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं करायच्या असं पहिल्या वर्षी ठरवलं होतं, कारण काकूसारखं एकटीनं चुलीमागे बसलेलं आम्हाला कुणी नको होतं. पण तिच्या भाकरीपुढे बाकीच्यांनी हात आखडता घेतला. म्हणून आम्ही चूलच वांग्यांच्या जाळाशेजारी हलवली. ती थापते आणि सोबत बोलते. तिचं थापणं बघावं. पिठाला पाणी लावून तळहाताच्या टाचेनं रगडते, एवढं रगडते की कळणा लोण्यासारखा होतो. मग गोळा परातीत ठेवून एका हातानं थापायला लागते, आणि भाकरी हळूहळू फिरत मोठी होत जाते, कड शेवटपर्यंत गोल. दोन्ही तळव्यांवर उचलून तव्यावर टाकते तेव्हा आवाजसुद्धा होत नाही. वरून पाणी फिरवते, उलटते, मग जाळाशी उभी करते आणि भाकरी टम्म फुगते. पहिली भाकरी आमच्यातल्या कुणीतरी फोडून तिच्याच तोंडात भरवायची, हा नियम.

या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. दिवाळीपासून दुखत होता, पार्टीच्या दिवशी तर अंगठा वळेचना. तरी ती परात घेऊन बसली. दोन गोळे मळले आणि तिसऱ्याला तिचा चेहरा उतरला. मी उठले, परात माझ्याकडे ओढली आणि तिला म्हटलं, तू जाळाकडे बघ, आज काठी तुझी. ती काही बोलली नाही. काठी घेऊन वांग्यांपाशी जाऊन बसली. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःच्याच शेतात एकदाही वांगं उलटलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं.

भाकरी मी रोज करते. पण गॅसवर, पोळपाटावर, तीन माणसांच्या. जमिनीवर बसून, चुलीपुढे, परातीत, ते वेगळं. जाळ कमीजास्त होत होता, गुडघे भरून आले होते. पहिली भाकरी कडेला चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीपासून हात थोडा बसला, तरी कड काही गोल होईना. शेजारी शिवणकामवाली वांग्यांना टोचे मारता मारता तिच्या मशीनचं काहीतरी सांगत होती, मालगाडी आली म्हणून थांबली. गाडी बराच वेळ जात राहिली. मी चिरलेली भाकरी टोपलीच्या तळाशी सरकवत होते, चांगल्या त्या वर येतील म्हणून.

जेवायला बसलो तेव्हा टोपली शेतवालीपुढे आली. तिनं वरच्या तीन भाकऱ्या उचलून बाजूला धरल्या, तळाशी हात घातला आणि ती कडेला चिरलेली काढली. चिरली होती तिथंच डाव्या हातानं मोडली, त्यावर भरिताचा गोळा ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही माझी."